सृष्टीचा प्रश्न आणि मुलांची चित्रपुस्तके : सोलापूरच्या संदर्भात एक विचार

हे जग कोणी केले, ते नव्हते तेव्हा काय होते आणि ज्याने केले त्याला कोणी केले, हे प्रश्न मूल साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून विचारू लागते आणि बहुतेक घरांत त्यांची बोळवण ‘देवाने केले’ एवढ्या एका वाक्यावर होते. हे उत्तर खरे की खोटे हा येथील विषय नाही. ते फार लवकर दिले जाते आणि त्यामुळे पुढचा प्रश्न तोंडातल्या तोंडात राहतो, ही खरी अडचण आहे. सृष्टीच्या उगमाचा प्रश्न मुलाच्या मनात जागा ठेवणे हीच बालपणीच्या अध्यात्माची सुरुवात होय, त्या कामी चित्रपुस्तक हे फार समर्थ साधन आहे, आणि अशा पुस्तकांना लागणारी सामग्री सोलापूरसारख्या बहुभाषी, बहुधर्मी शहरात विपुल आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

येथे चार संज्ञांचा अर्थ आरंभीच निश्चित करणे इष्ट ठरेल. विशिष्ट धर्माचे आचार, व्रते, प्रार्थना आणि श्रद्धा यांचे रीतसर शिक्षण म्हणजे धर्मशिक्षण. आपण कोण, हे सारे कोठून आले आणि त्याच्याशी आपले नाते काय, याविषयीची जाण म्हणजे अध्यात्म. जगाचा आरंभ, त्याची रचना आणि त्यातील माणसाचे स्थान यांविषयी एखाद्या समाजाने पिढ्यानुपिढ्या सांगितलेली कथा ती सृष्टिकथा. चित्रपुस्तक म्हणजे केवळ सचित्र पुस्तक नव्हे. ज्या पुस्तकात कथेचा निम्मा भार चित्र उचलते, आणि चित्र झाकले असता नुसत्या मजकुरावरून कथा पुरती कळत नाही, त्यालाच या लेखात चित्रपुस्तक म्हटले आहे.

मुलांचे हे प्रश्न बालिश मानण्याचा प्रघात असला, तरी भारतीय तत्त्वचिंतनाने त्यांना सभेत मानाचे स्थान दिलेले आहे. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या दरबारी गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, की हे सारे जर पाण्यात ताण्याबाण्याप्रमाणे विणलेले असेल, तर ते पाणी कशात विणलेले आहे. उत्तर मिळताच ती त्या उत्तरालाही तोच प्रश्न लावते, आणि अशा रीतीने एकेक लोक ओलांडत ब्रह्मलोकापर्यंत जाते. तेथे याज्ञवल्क्य तिला पुढे न विचारण्याची ताकीद देतो आणि गार्गी थांबते. परंतु उपनिषद तेथे थांबत नाही. पुढे तीच गार्गी सभेची अनुमती घेऊन पुन्हा उभी राहते, पुन्हा विणकामाच्याच भाषेत विचारते, आणि या वेळी तिला ‘अक्षर’ म्हणजे कधीही न क्षय पावणारे तत्त्व, हे उत्तर मिळते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त तर याहून पुढे जाते. सृष्टी कोठून झाली हे तिच्या सर्वोच्च अधिष्ठात्याला तरी ठाऊक असेल की नाही, अशी शंका उपस्थित करूनच ते सूक्त संपते. ज्या परंपरेने प्रश्न, त्याला झालेली मनाई आणि त्या मनाईनंतर पुन्हा विचारलेला प्रश्न, हे सारे जपून ठेवले, तिच्या वारसांनी मुलाला गप्प बसवावे हे त्या परंपरेशीच विसंगत आहे.

उपनिषदांनी प्रश्नाप्रमाणेच शिकवण्याची रीतही दाखवली आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचे फळ आणायला सांगतो, ते फोडायला लावतो, आतल्या बारीक बियांपैकी एक पुन्हा फोडायला लावतो आणि काय दिसते असे विचारतो. मुलगा म्हणतो, काहीच दिसत नाही. न दिसणाऱ्या त्या सूक्ष्मातूनच एवढा मोठा वड उभा आहे, हे सांगायला बापाला त्यानंतर फार बोलावे लागत नाही. येथे आधी वस्तू डोळ्यांसमोर येते, मग मुलाच्या तोंडून निरीक्षण येते आणि शब्द सर्वांत शेवटी येतो. उत्तम चित्रपुस्तकाचा क्रम नेमका हाच असतो. म्हणून चित्राच्या वाटेने गहन विषयाकडे जाणे ही परदेशातून आणलेली नवी क्लृप्ती आहे, असे समजण्याचे कारण नाही.

मुलाच्या मनात सृष्टीची कल्पना कशी आकार घेते, याचा आधुनिक काळातील पायाभूत अभ्यास स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी केला. मुलांच्या जगविषयक कल्पनांवरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. सूर्य, डोंगर, नद्या, सरोवरे हे सारे कोणीतरी, बहुधा माणसांनी, कामासाठी घडवले असावे, अशी लहान मुलांची धारणा असते, असे त्यांना आढळले; या धारणेला निर्मितवाद म्हणता येईल. जिनिव्हाचे विस्तीर्ण सरोवर माणसांनी खणून मग त्यात पाणी सोडले असावे, अशा आशयाची उत्तरेही त्यांनी नोंदवली आहेत. पियाजे यांच्या दृष्टीने ही विचाराची एक अपक्व पायरी होती आणि वाढत्या वयाबरोबर ती मागे पडते. परंतु हाच प्रश्न सोलापुरात सिद्धेश्वर मंदिराभोवतीच्या तलावाकाठी विचारला, तर तलाव माणसांनी खणला हे मुलाचे उत्तर बरोबर ठरते, कारण बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी तो खणला अशी येथील दृढ परंपरा आहे. सोलापूरच्या मुलापुढे म्हणूनच एक फार सुंदर भेद उभा राहतो : तलाव माणसांनी केला हे खरे, पण त्यात उतरणारा पाऊस कोणी केला? माणसाची निर्मिती आणि माणसाआधीची निर्मिती यांतील सीमारेषा येथे पुस्तकाबाहेरही, उघड्या डोळ्यांना दिसते.

सिद्धरामेश्वरांचे चरित्र हेच मुळी एका मुलाच्या शोधाची कथा आहे. तेराव्या शतकातील कन्नड कवी राघवांक याने ते काव्यरूपात सांगितले आणि लोकपरंपरेने ते मराठी घरांतही रुजवले. सोन्नलगी या गावी, म्हणजेच आजच्या सोलापुरात, अबोल आणि मंद समजला जाणारा हा मुलगा रानात गुरे राखत असतो. त्याला भेटलेला जंगम, म्हणजे फिरता शिवयोगी, आपले नाव मल्लय्या असे सांगतो, मुलाने दिलेला हुरडा खातो आणि मग दहीभात मागतो. मुलगा धावत घरी जाऊन दहीभात घेऊन येतो, तोवर मल्लय्या दिसेनासा झालेला असतो. त्याच्या नावाने हाका मारीत मूल थेट श्रीशैलापर्यंत जाते आणि शोक अनावर होऊन कड्यावरून झेप घेणार, तोच मल्लय्या त्याला सावरतो. या कथेत देव भेटण्याइतकेच देव हरवणेही महत्त्वाचे आहे. चित्रकाराने हातात दहीभाताचे भांडे घेऊन रिकाम्या रानाकडे पाहणारे मूल एका पूर्ण पानावर रंगवले आणि त्या पानावर एकही शब्द ठेवला नाही, तर विरहभक्तीचा जो अर्थ मोठ्यांना व्याख्यानांतून समजून घ्यावा लागतो, तो पाच वर्षांच्या वाचकाला त्या रिकाम्या जागेतून जाणवेल.

याच चरित्राचा पुढचा भाग शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात येतो. तलाव, मंदिरे आणि लोकोपयोगी कामे यांत मग्न असलेल्या सिद्धरामांपुढे अल्लमप्रभू येऊन उभे राहतात, बाहेर इतके खणणारा आत किती खणतो, अशा अर्थाने त्यांना डिवचतात, आणि या वादसंवादाची परिणती दोघांनी कल्याणला बसवेश्वरांच्या मंडळीत जाण्यात होते. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत ६८ लिंगांची प्रदक्षिणा, सात नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा मुले वडीलधाऱ्यांच्या खांद्यावर बसून पाहतात. उत्सवाचा रंग त्यांच्या डोळ्यांत असतोच. त्यामागचा आत आणि बाहेर हा प्रश्न मात्र त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतो. डोळ्यांत साठलेले हे चित्र आणि कानावर न आलेला हा विचार यांची गाठ घालून देणे चित्रपुस्तकाला शक्य आहे.

चित्र हे कार्य का करू शकते, याचा थोडा ऊहापोह आवश्यक आहे. विधान हे खरे तरी असते किंवा खोटे तरी. चित्र मात्र काही सिद्ध करायला निघत नाही, ते दाखवते आणि पाहणाऱ्याला त्याच्या वेगाने पाहू देते. शब्द एकामागून एक येतात, चित्र एकदम समोर येते, आणि पान उलटण्यापूर्वीच्या क्षणी पुढे काय असेल याचे कुतूहल मुलाच्या मनात उभे राहते. आधी काहीच नव्हते आणि मग काहीतरी झाले, ही सृष्टिकथेची मूळ घडण पान उलटण्याच्या क्रियेतच सामावलेली आहे. मोरावियातील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५८ साली न्युरेंबर्ग येथे प्रसिद्ध केलेले ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांसाठीचे आद्य सचित्र पाठ्यपुस्तक मानले जाते. त्याचे आरंभीचे पाठ ईश्वर, जग आणि आकाश यांविषयी आहेत आणि त्यानंतर अग्नी, वायू, झाडे, प्राणी, धंदे असा क्रम लागतो.

महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, भिंतीवर अशा रंगवल्या आहेत की पाहणाऱ्याने चालत चालत त्या वाचाव्यात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकेक करून प्रेक्षकांपुढे धरतात आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गातात. त्या चित्रांच्या संचाला ते पोथी म्हणतात, ही गोष्ट चित्राचे त्यांच्या लेखी असलेले मोल सांगून जाते. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत चित्र स्थिर असते, सांगणारा जिवंत असतो आणि ऐकणारा मध्येच विचारू शकतो. मूल मांडीवर घेऊन पुस्तक वाचणारी आजी किंवा वर्गात पुस्तक उंच धरून पाने उलटणाऱ्या बाई नकळत हीच परंपरा चालवीत असतात.

अर्थात प्रत्येक चित्र मन मोकळे करते असे नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या रंगीत छापील चित्रांनी लक्ष्मी, सरस्वती यांची रूपे घरोघर पोचवली, ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर देव आला, हे त्यांचे मोठे सामाजिक कार्य आहे. अनंत पै यांनी १९६७ पासून अमर चित्रकथेतून पुराणकथा मुलांच्या हाती दिल्या आणि अनेक पिढ्यांना त्यांची ओळख करून दिली. तथापि एकच रूप पुन्हा पुन्हा पाहिल्याने देव असाच दिसतो अशी खूणगाठ मुलाच्या मनात बसते आणि चित्र हे प्रश्नाचे दार न राहता उत्तराची चौकट बनते. त्या चित्रांना बाद करणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यांच्या शेजारी वेगळ्या हातांनी, वेगळ्या दृष्टीने काढलेली चित्रे ठेवणे हा आहे. एकाच कथेची दोन निरनिराळी चित्रे पाहिलेल्या मुलाला चित्र आणि चित्राचा विषय हे वेगळे असतात, हे कोणी न सांगता उमगते, आणि रूपापलीकडे काही असते या जाणिवेचे बीज तेथेच पडते.

सोलापूरच्या संदर्भात या दृष्टीने सर्वाधिक समृद्ध कथा मार्कंडेयाची आहे. तेलंगणातून येऊन या शहरात हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवणारा पद्मशाली समाज मार्कंडेय ऋषींना आपले मूळपुरुष मानतो, त्यांच्या वंशातील भावना ऋषींनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले असे सांगतो, आणि नारळी पौर्णिमेला शहरातून मार्कंडेयांचा रथ निघतो. यमाच्या पाशातून सुटलेला बाल मार्कंडेय सर्वांना माहीत असतो. परंतु महाभारताच्या वनपर्वात आणि भागवताच्या बाराव्या स्कंधात येणारी त्याची दुसरी कथा मुलांपर्यंत फारशी जात नाही. प्रलयात सारे जग बुडाले आहे, चहूकडे पाणीच पाणी आहे, आणि त्या पाण्यावर एकटा मार्कंडेय भटकतो आहे. अचानक त्याला वडाचे झाड आणि त्यावर निजलेले एक बालक दिसते. बालकाच्या श्वासाबरोबर तो त्याच्या पोटात ओढला जातो, आणि आत पाहतो तो नद्या, डोंगर, नगरे, माणसे, सारे जग जसेच्या तसे. त्या जगाचा अंत लागत नाही, आणि पुन्हा उच्छ्वासाबरोबर तो बाहेर पाण्यावर येऊन पडतो.

या कथेचे चित्रपुस्तक कसे व्हावे, हे क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहण्याजोगे आहे. पहिल्या दोन समोरासमोरच्या पानांवर केवळ पाणी आणि त्यात नखाएवढा मार्कंडेय. पुढच्या पानावर कोपऱ्यात एक हिरवे पान. त्यानंतर ते बालक, आणि मग पान उलटताच सोलापूरचीच गजबज : तलाव, किल्ल्याचा बुरूज, मागावर बसलेला विणकर, जोंधळ्याचे शेत, आठवडी बाजार, आणि त्या बाजारात आईचे बोट धरून चाललेले एक मूल. वाचणारे मूल त्या गर्दीत स्वतःला शोधील, आणि मग बालक जगात आहे की जग बालकात आहे, हा प्रश्न त्यालाच पडेल. वेदान्तात आत आणि बाहेर यांच्या अद्वैताविषयी, म्हणजे ते मुळात दोन नाहीत या सिद्धान्ताविषयी, जे सांगितले आहे, त्याचा हा चित्ररूप उंबरठा होय. येथे वाचणाऱ्या मोठ्या माणसाने बालक म्हणजे विष्णू हे लगेच सांगून टाकले, तर कथा माहितीपुरती उरते. तू त्याच्या पोटात गेलास तर काय पाहशील, एवढेच विचारले, तर ती मुलाची होते.

सृष्टीला कर्ता असलाच पाहिजे असे मात्र सर्व परंपरा मानीत नाहीत, आणि ही गोष्ट सोलापूरच्या मुलाला कळायला हवी, कारण तिचा फार मोठा साक्षीदार याच शहरात आहे. येथील जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत यतिवृषभांचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ १९४३ आणि १९५१ साली दोन भागांत प्रसिद्ध केला. अधोलोक, मध्यलोक आणि ऊर्ध्वलोक अशा तीन लोकांची रचना, त्यांची मापे आणि त्यांतील जीव यांचे तपशीलवार वर्णन या ग्रंथात आहे. जैन मतानुसार विश्व अनादी आहे, म्हणजे त्याला आरंभ नाही, आणि म्हणून त्याला कोणी निर्माण केले हा प्रश्नच उद्भवत नाही. जैन चित्रपरंपरेने या विश्वाला पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुषाचा आकार दिला. अशा चित्रापुढे बसलेल्या मुलाला ‘आरंभ नसलेले’ ही कल्पना पेलणार नाही, असे मोठ्यांना वाटते. पण संख्या मोजायला लागलेल्या मुलाने शेवटचा आकडा कोणता हे विचारलेले असतेच, आणि शेवट नसणे ज्याला कळू शकते, त्याला आरंभ नसणेही कल्पिता येते.

बौद्ध परंपरेची भूमिका याहून निराळी आहे. जग शाश्वत आहे की अशाश्वत, अशा काही प्रश्नांना बुद्धाने उत्तर देण्याचे नाकारले; अशा अनुत्तरित प्रश्नांना अव्याकृत म्हणतात. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण कोणी मारला हे कळेपर्यंत तो उपटूच देऊ नये, तसे दुःखाचे निवारण बाजूला ठेवून असल्या प्रश्नांत गुंतणे होय, असा त्याचा दृष्टांत आहे. इस्लाममध्ये ईश्वराचे चित्र काढले जात नाही. त्याऐवजी पाऊस, मधमाशी, फळे, रात्र आणि दिवस यांना त्याच्या खुणा म्हणून पाहण्यास कुराण सांगते, आणि केवळ त्या खुणांचे चित्रपुस्तक हे त्या परंपरेला अत्यंत अनुरूप ठरेल. ख्रिस्ती आणि यहुदी परंपरेत सहा दिवसांची निर्मिती आणि सातव्या दिवसाची विश्रांती आहे. श्रमिकांच्या या शहरात कामानंतरच्या विसाव्यालाही पावित्र्य असते, ही गोष्ट मुलांना सहज पटावी. गोंड परंपरेत पाण्याखालची माती शोधण्याच्या कामी कावळा, खेकडा आणि गांडूळ यांची मदत लागते; क्षुद्र मानलेल्या जीवांवाचून पृथ्वी झालीच नसती, असे ती कथा सांगते. गोंड चित्रकार भज्जू श्याम यांनी गीता वुल्फ यांच्यासह केलेले सृष्टिकथांचे चित्रपुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २०१४ साली काढले. परंपरेतील कलावंत स्वतःच आपल्या सृष्टिकथेचा चित्रलेखक झाला, तर पुस्तकाला किती वेगळा प्राण येतो, याचा तो पुरावा आहे.

या साऱ्या कथा एकाच मुलापुढे ठेवल्या तर त्याचा गोंधळ होईल, अशी पहिली शंका घेतली जाते. हा गोंधळ आधीच अस्तित्वात आहे. सोलापुरात एकाच वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले बसतात, डबे वाटून खातात आणि एकमेकांच्या सणांना जातात. मित्राच्या घरी वेगळी गोष्ट सांगतात हे त्यांना ठाऊक असते, फक्त त्याविषयी बोलायला जागा नसते. चित्र ही जागा देऊ शकते, कारण ते कोणत्याही एका भाषेचे नसते. तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली सुरू झालेले ‘चांदामामा’ मराठीत १९५२ पासून ‘चांदोबा’ झाले आणि तीच चित्रे निरनिराळ्या भाषांतील मुलांनी पाहिली, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. ‘असे ते लोक सांगतात’ आणि ‘असे आपल्याकडे सांगतात’ ही दोन वाक्ये मूल सहज पेलते. आपली श्रद्धा जपून दुसऱ्याची श्रद्धा ऐकण्याची सवय येथूनच लागते.

दुसरी शंका विज्ञानाच्या बाजूने येते. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे असे विज्ञान सांगत असताना मुलांना पुराणातील प्रलय सांगावा का, हा प्रश्न रास्त आहे. कथा ही घटनेचा अहवाल नाही आणि विज्ञान हे आदरभावाचे वैरी नाही, हे दोन्ही मुलाला एकाच वयात कळले पाहिजे, आणि त्यासाठी सृष्टिकथेच्या शेजारी ताऱ्यांवरचे पुस्तकही असले पाहिजे. विज्ञानातही सृष्टीचा प्रश्न मिटलेला नाही. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉयल यांच्यासह महास्फोटाच्या प्रचलित सिद्धान्ताला पर्याय मांडला, तो बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही, तरीही ते अखेरपर्यंत प्रश्न विचारीत राहिले आणि ‘आकाशाशी जडले नाते’सारख्या पुस्तकातून मराठी वाचकाला त्या प्रश्नांत सामील करून घेत राहिले. अशा शास्त्रज्ञाची निष्ठा आणि गार्गीची निष्ठा यांत जातिभेद करता येत नाही.

तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे. काही सृष्टिकथा माणसांची उतरंड लावतात. विराट पुरुषाच्या मुखापासून काही आणि पायांपासून काही माणसे झाली, ही कल्पना शतकानुशतके अन्यायाचे समर्थन म्हणून वापरली गेली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून या कथेला साधे, रोखठोक प्रश्न विचारले, आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त सर्व स्त्री-पुरुषांना समान हक्कांनिशी घडवणाऱ्या ‘निर्मिक’ या संकल्पनेचा पुरस्कार केला. फुल्यांची ही परंपरा मराठी चित्रपुस्तकाची कसोटी ठरली पाहिजे : जी कथा वाचून एखादे मूल स्वतःला हीन समजेल किंवा भयाने दबून जाईल, ती तशीच्या तशी त्याच्या हाती देणे हे अध्यात्म होऊ शकत नाही.

शाळांच्या बाबतीत संविधानाची मर्यादाही स्पष्ट आहे. अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि शासनमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीवाचून त्यात सहभागी करता येत नाही. अनेक परंपरांच्या कथा साहित्य म्हणून, तौलनिक दृष्टीने, कोणतीही एक खरी न ठरवता वाचणे ही या मर्यादेत बसणारी गोष्ट आहे. आणि मुलाचे स्वतःचे निरीक्षण व प्रश्न केंद्रस्थानी ठेवल्यास ती शिक्षण म्हणूनही सकस ठरते. अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स यांनी निरनिराळ्या धर्मांच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या घरांतील मुलांशी दीर्घकाळ बोलून, त्यांच्याकडून चित्रे काढवून घेऊन १९९० साली जो ग्रंथ लिहिला, त्यात मूल हे यात्रेकरू आहे, असे त्यांचे सूत्र आहे. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, तेथे हे सूत्र वेगळे समजावून सांगावे लागू नये.

मराठीत चित्रपुस्तकाची भाषा आता प्रौढ झाली आहे. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी घर, शेजार, नातेवाईक आणि मुलाचे रोजचे रुसवेफुगवे यांना चित्र आणि शब्द यांच्या समान भागीदारीने रूप दिले. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या ‘चित्रवाचन’ने चित्र कसे पाहावे हे शिकवले. घरगुती जग ज्या कसबाने या पुस्तकांत आले, त्याच कसबाने सृष्टी, मृत्यू, आरंभ आणि अंत हे विषय मराठी चित्रपुस्तकांत यावयास हवेत. त्या पुस्तकांची लक्षणे वरील विवेचनातून निघतात : ती शेवटी तात्पर्य सांगणार नाहीत, देवाचे एकच रूप ठसवणार नाहीत, कोणत्याही मुलाला खाली पाहायला लावणार नाहीत आणि निदान एक पान तरी शब्दांवाचून मोकळे ठेवतील.

हे काम सोलापुरात सुरू होणे स्वाभाविक आहे. सिद्धराम, मार्कंडेय, त्रिलोक आणि निर्मिक यांच्या कथा, त्या चार भाषांत सांगणारी वडीलधारी माणसे, आणि रंग व रेषा पिढीजात जाणणारा विणकर समाज हे सारे येथे आहे. चित्रकारांनी या कथा हाती घ्याव्यात, प्रकाशकांनी त्या एकाच चित्रांसह मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांत काढाव्यात, हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांनी त्यांचे सामूहिक वाचन घडवावे. आणि पालकांनी व शिक्षकांनी एवढेच पथ्य पाळावे, की मुलाने ‘त्याच्याआधी काय होते?’ असे विचारले, तर उत्तर देण्याची घाई न करता त्याच्या शेजारी बसून ते पान पुन्हा एकदा पाहावे.